गाडी अंगणापर्यंत

गुहागर, मुरूड अशी समुद्रालगतची गावं सोडली, तर कोकणातलं घर सहसा रस्त्याला लागून नसतं. ते रस्त्याच्या खाली असतं, नाहीतर वर. मधल्या उतारावर जांभ्याची पाखाडी. पायरीची उंची अशी, की डोईवर भारा असलेल्या बाईचा तोल जाऊ नये; मध्येच एखादा रुंद टप्पा, पालखीवाल्यांना खांदा बदलता येईल एवढा. दोन्ही अंगांना गडगे, त्यांवर पावसाळ्यात नेच्यांची झालर. ही वाट कुणाच्या गोठ्यामागून, कुणाच्या विहिरीवरून, ‘कोण रे तो?’ला उत्तरं देत देत घरी पोचते. घरी पोचेपर्यंत आपण आल्याची बातमी आपल्या आधी पोचलेली असते.

गाडीला पायऱ्या चालत नाहीत. आमच्याकडे हा विषय दर गणपतीत निघायचा. मुंबई-पुण्याच्या गाड्या वर रस्त्याच्या कडेला एकामागे एक उभ्या. बॅगा, फळांच्या करंड्या, रांगणारी पोरं, सगळं पाखाडीने खाली. विसर्जनाबरोबर विषयही पाण्यात जायचा. पुढे आईचे गुडघे बोलू लागले, सिलिंडर खांद्यावर घेऊन उतरणारा पोरगा कुरकुरू लागला, तेव्हा कुठे कागद बाहेर आले. कागद म्हणजे आधी सातबारा. वाट जायची दहा फूट रुंदीची आणि संमती हवी बोरिवलीपासून बडोद्यापर्यंत पसरलेल्या चुलत्यांची. तो अध्याय इथे नको.

पाय आणि चाक यांचं गणित किती वेगळं असतं, ते आखणी करताना कळतं. पाखाडी 40 फुटांत 12 फूट खाली उतरते आणि माणसाला त्याचं काही वाटत नाही. गाडीसाठी सोसवेल असा उतार धरायचा तो दहा फुटांना एक फूट. म्हणजे त्याच 12 फुटांसाठी 120 फूट लांबी हवी. सरळ रेषेत एवढी जागा कुठली? मग वाट वळवायची, आणि वळवायची तर वळणावर ती रुंद हवी, कारण गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतल्या अंगाने कापत जातात. वर रस्त्याला मिळताना आणि खाली अंगणात शिरताना उतार हळूहळू बदलावा लागतो, नाहीतर गाडीचं पोट घासतं. अंगणातली तुळस, आंब्याचा बुंधा, गोठ्याचा कोपरा यांना वळसे घालत दोरी आणि चुन्याच्या फक्कीने केलेली आमची आखणी कितीदा तरी पुसली गेली.

गवंडीदादा आले, तेव्हा त्यांनी टेप खिशातून काढलीच नाही. नुसते वर बघत राहिले. ‘गाडीचं मागाहून बघू,’ म्हणाले, ‘पाणी कुठनं येतं तेवढं सांगा.’

खरी गोष्ट तीच होती. रत्नागिरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका दिवसात 100 मिलिमीटर पडला, तर तिथे त्याची बातमी होत नाही. 100 फूट लांब, 10 फूट रुंद असा काँक्रीटचा पट्टा धरा: त्या एका दिवसात त्याच्यावर नऊ हजार लिटरच्या वर पाणी पडतं. मातीने यातलं थोडंफार तरी प्यायलं असतं. काँक्रीट काही पीत नाही, ते सगळं खाली सोडतं, आणि खाली आपलीच पडवी असते. शिवाय रस्त्याचं गटार. वाट जिथे रस्त्याला मिळते तिथे लोक गटारात सरळ माती ढकलतात आणि मग रस्त्याचं पाणी मोटारीसारखं वळून आत येतं. तिथे ह्यूम पाईप टाकून मोरी करायची, तीही परवानगी घेऊन आणि हात घालून गाळ काढता येईल एवढी. वाटेला एका अंगाला हलका कल, 50 ला एक, आणि त्या अंगाला चर. हे सगळं झाल्यावर मग चाकांचा विचार.

जांभ्याचा मोह मला होताच. 1807 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात फ्रान्सिस बुकानन याने मलबारातल्या याच दगडाबद्दल लिहून ठेवलंय, की जमिनीत असतो तोवर लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, आणि हवा लागली की विटेसारखा कठीण होतो. चिरेखाणीवर आजही हेच दिसतं. फरक इतकाच की आता यंत्राचं पातं फिरतं आणि माणसं लाल धुळीने माखून निघतात. पण जांभ्यावर शेवाळं लवकर धरतं, आणि उतारावरचं शेवाळं कुणाची भीड धरत नाही. म्हणून वळणावर काँक्रीट घातलं, ओलं असतानाच खराट्याने उताराला आडव्या रेघा ओढून. सरळ तुकड्यात मात्र दोन-दोन फुटांच्या जांभ्याच्या दोन पट्ट्या, चिऱ्यांना वरून टाकी लावलेली, आणि मध्ये तीन फूट माती मोकळी. शेजाऱ्यांना ते अर्धवट काम वाटलं. ‘पैसे संपले काय?’ असं एकाने विचारलंही. मृगानंतर त्या मधल्या मातीत हरळी पसरली, श्रावणात तेरडा उभा राहिला, आणि वरून येणाऱ्या पाण्यातलं बरंचसं तिथेच मुरलं.

आता आईला डॉक्टरकडे न्यायला गाडी थेट पडवीपाशी लागते. काचा वर करून आलेला पाहुणा वाटेत कुणालाच भेटत नाही. कोण आलं होतं, हे शेजारी दुसऱ्या दिवशी विचारतात. याचं मला वाईट वाटतं, पण गुडघ्यांपुढे ते काही फार मोठं नाही.

तुमच्याही डोक्यात गाडीवाट असेल, तर घाई एका गोष्टीची करू नका. दिवाळीनंतर जेसीबीने उतार कापून घ्या, भराव पाणी मारून दाबून घ्या, आणि एक पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्या. आषाढात छत्री घेऊन उभे राहा. पाणी स्वतःच कुठून जायचं ते दाखवतं, भराव कुठे खचतो तेही. चिरे आणि काँक्रीट पुढच्या दिवाळीनंतर. आणि जुनी पाखाडी उखडून तिचेच चिरे वापरा, खर्च वाचेल, असं कुणी सुचवलं, तर तेवढं ऐकू नका.