फुलांआधी पानं

फुलांच्या चित्रापुढे उभी राहिले की मी आधी पानं बघते. फूल लक्ष वेधून घेणारच, त्यासाठीच तर ते रंगवलेलं असतं. पण चित्रकाराचा जीव त्या चित्रात किती गुंतला होता हे कळतं ते पाठमोऱ्या फुलात, पाण्यात शिरणाऱ्या देठात आणि दोन फुलांमधल्या काळोखात.

यान फान हाउसम (१६८२–१७४९) हा अ‍ॅमस्टरडॅमचा चित्रकार. भाजल्या मातीच्या फुलदाणीतल्या फुलांचं त्याचं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. त्यावर त्यानं दोन सालं घातली आहेत, १७३६ आणि १७३७. त्याला फूल प्रत्यक्ष समोर हवं असे. ट्युलिप वसंतात यायचं, गुलाब उन्हाळ्यात, आणि हंगाम हुकला तर पुढच्या वर्षापर्यंत चित्र तसंच थांबायचं. पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय, असं १७४२ मध्ये त्यानं एका ग्राहकाला कळवलंही होतं. म्हणजे इतका भरगच्च गुच्छ कुठल्याही टेबलावर कधी उभा नव्हता. तो जमला तो थेट कॅनव्हासवर.

त्या धीराचं मोल मला कळतं, कारण फुलं कुणासाठी थांबत नाहीत. सकाळी अर्धवट मिटलेला गुलाब दुपारपर्यंत पाकळ्या सैल सोडतो, मान कलती करतो, आणि सावली होती तिथे ऊन येतं. म्हणून मी पहिल्या तासात पाकळ्यांच्या नादी लागत नाही, सावल्यांचे मोठे आकार तेवढे मांडून घेते. पांढरं फूल असेल तर शुद्ध पांढरा अगदी शेवटी, एखाद-दुसऱ्या कडेपुरता. बाकीचं फूल करडं, हिरवट, कुठे जांभळट असतं. शेजारच्या पानाचा रंग त्यानं अंगावर घेतलेला असतो, आणि तो दिसला नाही तर फूल कागदाचं वाटतं.

हाउसमच्या चित्रांतली पानं आज बरेचदा निळसर दिसतात. त्यानं ती हिरवीच केली होती, निळ्यावर पारदर्शक पिवळ्याचा पातळ हात देऊन. वनस्पतींपासून काढलेला तो पिवळा उजेडानं विटत गेला आणि खालचा निळा राहिला. काहींना ते खटकतं. मला मात्र ही निळी पानं फार प्रिय आहेत, कारण कुठला थर आधी दिला आणि कुठला नंतर, हे त्यांत उघडं दिसतं. इतकं तर शिक्षकही दाखवत नाहीत.

फ्रेंच चित्रकार एदुआर माने याच्याकडे इतका वेळ नव्हता. १८८३ च्या एप्रिलमध्ये तो गेला. त्याआधीच्या आजारपणात, मित्रमंडळी आणून देत त्या फुलांची लहान लहान चित्रं त्यानं केली. कार्नेशन आणि क्लेमॅटिसचं त्यातलं एक पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यातली काचेची फुलदाणी बघा. जवळून बघितलं तर नुसते हिरवे-करडे फटकारे दिसतात, चार पावलं मागे सरकलं की पाणी आणि त्यात बुडालेले देठ. फुलं सुंदरच आहेत, पण शिकायला येणाऱ्यांना मी त्या चित्रातले देठच आधी उतरवून काढायला लावते.