दम आणि दमा

मराठीत ‘दम’ हा शब्द मोठा गमतीचा आहे. मास्तर दम देतात, आई ‘जरा दम धर’ म्हणते आणि मैदानावर ‘तुझ्यात दमच नाही’ असे ऐकावे लागते. हे तिन्ही दम माझ्या परिचयाचे होते. चौथा भेटला तो नांदेडला आल्यावर, धावण्याच्या शर्यतीत.

शर्यत संपेपर्यंत सारे ठीक असे. पाच-दहा मिनिटांनी मात्र छाती आवळून येई, खोकल्याची उबळ थांबत नसे आणि श्वास सोडताना बारीक शिट्टी वाजे. तासाभरात सारे आपोआप निवळे. त्यामुळे विश्वास तरी कोण ठेवणार? ‘हरली की खोकते’ असे माझे नाव पडले. हिवाळ्यातल्या पहाटे त्रास अधिक. सुटीत लातूरकडे गावी गेले आणि सोयाबीनची रास चालू असली, तर विचारूच नका!

शेवटी एका डॉक्टरांनी मला यंत्रात फुंकायला लावले, मग पळवले आणि पुन्हा फुंकायला लावले. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा दहा टक्के किंवा त्याहून अधिक घटली, तर श्वासनलिका आवळल्या असे समजतात. माझी त्याहून पुष्कळ घटली होती. कारण त्यांनी सोपे करून सांगितले. एरवी नाक हवा गरम आणि ओलसर करून आत सोडते. धावताना आपण तोंडाने भसाभस श्वास घेतो. कोरड्या हवेने नलिकांचे अस्तर सुकते आणि भोवतीचे स्नायू आवळतात. धूळ आणि गाजरगवताचे पराग त्यात भर घालतात.

घरी सांगितले, तेव्हा आईचा चेहरा उतरला. “दम्याचं नाव कुणापाशी काढू नको माय. उद्या पाव्हणे बघायला येतील.”

मी वर्षभर नाव काढले नाही. फवाऱ्याचे औषध पिशवीच्या तळाशी राहिले आणि मी खोकत राहिले.

मग वाचनालयात जॅकी जॉयनर-कर्सीविषयी वाचले. दमा असलेल्या या बाईने 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये हेप्टॅथलॉनमध्ये 7291 गुणांचा विश्वविक्रम केला. रिक डीमाँटचीही हकिगत वाचली. 1972 साली म्युनिकला सोळा वर्षांच्या या जलतरणपटूचे सुवर्णपदक दम्याच्या औषधातील एफेड्रिनमुळे काढून घेतले गेले. औषधाची माहिती त्याने आधीच दिली होती. वरिष्ठांनी ती पुढे पोचवली नाही. आज फवाऱ्यातून घ्यायच्या साल्बुटामॉलला ठरावीक मर्यादेत परवानगी आहे. म्हणजे लपवण्यासारखे काही उरलेच नव्हते.

यंदाच्या आंतरमहाविद्यालयीन शर्यतीत डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पंधरा मिनिटे आधी, सर्वांदेखत फवारा घेतला. मग सावकाश अंग गरम केले. सातवी आले. पदक नाही, पण शर्यतीनंतर मी उभी होते, बोलत होते. आई शेजारणींना अजून ‘सर्दीचं औषध’ असेच सांगते. तिला जरा दम धरू द्यावा म्हणते.

तेवढ्यात अकरावीतली एक मुलगी जवळ आली. हळूच म्हणाली, “ताई, मला बी पळाल्यावर असंच होतं. कुणाला सांगू नका.”

मी तिला बाजूला नेले नाही. तिथेच, सर्वांसमोर, पिशवीतून फवारा काढून तो काय असतो ते दाखवले आणि म्हटले, “आधी डॉक्टरांकडे जा. आणि घरी जाऊन सांग.”