चावीचं घड्याळ, चार्जरचं घड्याळ

आमच्या पिढीच्या मनगटावर घड्याळ चढायचं ते दहावी पास झाल्यावर, नाहीतर थेट लग्नात. तोवर घरात मनगटी घड्याळ एकच, आणि ते वडिलांचं. संध्याकाळी ते घरी आले की शर्ट खुंटीवर आणि घड्याळ रेडिओच्या टपावर, हा क्रम वर्षानुवर्षं बदलला नाही. पोरांनी त्याला हात लावायचा नाही. लावलाच तर कानाशी धरून टिकटिक ऐकायची आणि होतं तसं ठेवून द्यायचं. लग्नाची बोलणी होताना सायकल, रेडिओ आणि घड्याळ या तीन वस्तूंवरून ताणाताणी व्हायची, रुसवेफुगवे व्हायचे. आता माझा भाचा दिवाळीच्या सेलमध्ये दीड-दोन हजारांचं स्मार्टवॉच घेतो आणि पुढच्या दिवाळीला ते धाकट्या बहिणीच्या गळ्यात मारून स्वतःला नवीन आणतो.

पोरांचं सोडा, आमच्या वयाची मंडळीही आता विचारायला लागली आहेत की रोजच्या वापराला हे घ्यावं का. सकाळी फिरायला येणाऱ्यांत तर हा विषय गुडघेदुखीच्या खालोखाल चालतो. मी दोन्ही प्रकारची घड्याळं वापरली आहेत, म्हणून थोडं सांगतो.

तेव्हा घड्याळ म्हणजे एचएमटी. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगळूरला कारखाना निघाला आणि पुढची पंचवीसेक वर्षं देशाच्या मनगटावर त्याचंच राज्य होतं. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावं आमच्या तोंडात क्रिकेटपटूंच्या नावांसारखी असायची. ‘जनता’मध्ये देवनागरी आकड्यांची तबकडीही मिळे. ‘पायलट’ची तबकडी काळी, ती घालणारा उगाच बाह्या दुमडून फिरायचा. ज्याचा मामा आखातात किंवा बोटीवर, त्याच्याकडे सिको असायचं आणि त्याचा तोरा निराळाच. तबकडीवर ‘१७ ज्वेल्स’ असं लिहिलेलं असे. आत खरोखर १७ हिरे असतात, ही आमची कितीतरी वर्षं ठाम समजूत होती. घड्याळ उघडलं तर चोरी होईल म्हणून ते बंद ठेवतात, असंही एकाने सांगितलं होतं. प्रत्यक्षात ती चक्रांची टोकं झिजू नयेत म्हणून बसवलेली कृत्रिम माणकं असतात, त्यांची किंमत फारशी नसते.

स्मार्टवॉचबद्दल आमच्या वयाच्या लोकांची पहिली तक्रार अशी की त्याला सारखं चार्जिंग लागतं. मला गंमत वाटते. आपण चावी काय महिन्यातून एकदा देत होतो? रोज सकाळी, एकाच वेळी, अंगठा आणि तर्जनीत चावी धरून ती घट्ट लागेपर्यंत फिरवायची, पण त्यापुढे एक फेराही नाही, नाहीतर स्प्रिंग तुटायची. पूर्ण चावी दिली की घड्याळ दीड दिवस सहज चालायचं. अॅपलने आपल्या नेहमीच्या घड्याळाची बॅटरी वर्षानुवर्षं १८ तासांचीच सांगितली, म्हणजे त्या हिशेबात ‘जनता’च वरचढ. आपल्याकडची स्वस्त घड्याळं चार-पाच दिवस ओढतात खरी, पण त्यांच्यावरून फोनवर बोलायला लागलात की तीही लवकर मान टाकतात. खरा फरक वेगळाच आहे. चावी देताना घड्याळ हातातच राहायचं, दारातून बाहेर पडता पडता काम उरकायचं. चार्जिंगला ते तासभर काढून ठेवावं लागतं, आणि तेही बहुतेक जण रात्री करतात. मग हेच घड्याळ आपली झोप मोजणार कशी, हे मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. शिवाय प्रत्येक कंपनीचा चार्जर निराळा. प्रवासात तो विसरलात की मनगटावर काळी काच उरते.

मधल्या काळात क्वार्ट्झ आलं आणि चावी गेली. टाटा आणि तामिळनाडू सरकारचं महामंडळ यांनी १९८४ मध्ये टायटन स्थापन केली, होसूरला कारखाना काढला, आणि बघता बघता एचएमटीचं दुकान ओस पडलं. चावीच्या घड्याळात सेकंदाला पाच ठोके पडायचे, तर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. त्यामुळे दिवसाला मिनिटभर पुढे-मागे होणं संपलं. सेल दीड-दोन वर्षं जायचा. जानेवारी २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करायचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांनी मधल्या २० वर्षांत एचएमटी विकत घेतलं होतं, हा प्रश्न विचारू नये.

वेळ लावणं हाही तेव्हा एक सोहळा असे. गावात नगरपालिकेचा भोंगा आणि घरात आकाशवाणी. पुणे केंद्राच्या सात वाजून पाच मिनिटांच्या बातम्या लागल्या की घराघरांत काटे जुळवले जात. तरीही प्रत्येक घराची वेळ स्वतंत्र. “आमचं पाच मिनिटं पुढे आहे,” हे वाक्य अभिमानाने सांगितलं जाई. आता फोनवरून घड्याळाला वेळ आपोआप मिळते आणि सगळ्यांच्या मनगटावर सेकंदासकट एकच वेळ असते. माणसं उशिरा येतात ती येतातच.

एसटी स्टँडवर अनोळखी माणसाला “किती वाजले हो?” विचारून गप्पा सुरू करता यायच्या, हेही गेलं. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. चुटपुट लागते ती घड्याळजीची.

बाजारपेठेत जिन्याखाली, एका टेबलाएवढ्या जागेत तो बसलेला असे. डोळ्याला भिंग, समोर काचेच्या पेल्याखाली झाकून ठेवलेलं उघडं यंत्र, बाजूला पेट्रोलची वाटी. आपण घड्याळ पुढे केलं की आधी कानाला लावायचा, मग मागचं झाकण उघडायचा आणि चिमट्याचं टोक आत नेऊन म्हणायचा, “तेल वाळलंय.” दिवसाला दोन मिनिटं मागे पडत असेल तर आत बॅलन्सवर एक केसासारखी दांडी असते, ती किंचित सरकवायचा आणि म्हणायचा, “दोन दिवस वापरून सांगा.” पैसे नंतर. पावसाळ्यात काचेच्या आत धुकं धरलेली घड्याळं त्याच्याकडे रांगेने यायची. आमचे वडील जून ते सप्टेंबर घड्याळ रुमालात गुंडाळून खिशात ठेवत, म्हणजे वर्षातले चार महिने मनगटी घड्याळ मनगटावर नसायचंच. आजचं बरं स्मार्टवॉच भर पावसात घालून फिरा, काही होत नाही. हा गुण मोकळेपणाने मान्य करायला हवा. पण त्याचं पोट एकदा बंद केलं ते बंद. माझ्या पहिल्या स्मार्टवॉचची बॅटरी अडीच-तीन वर्षांत दमली. दुरुस्ती केंद्रातल्या मुलाने ते हातातही न घेता सांगितलं, “काका, नवीन घ्या, स्वस्त पडेल.” तो खोटं बोलत नव्हता. तेव्हा स्मार्टवॉच घेताना त्याचं आयुष्य तीन वर्षं धरा आणि किमतीला तीनाने भागा. परवडत असेल तरच घ्या.

आता मुख्य मुद्दा, तब्येतीचा. आमच्या वयाचे लोक घड्याळ घेतात ते त्यासाठीच.

पूर्वी डॉक्टर आपला हात हातात घ्यायचे, अंगठ्याखाली तीन बोटं टेकवायचे आणि स्वतःच्या घड्याळाच्या सेकंद काट्याकडे बघत राहायचे. नाडी आपली, घड्याळ त्यांचं. आता दोन्ही एकाच मनगटावर आलं. स्मार्टवॉच काढून उलटं करून बघा, पाठीला हिरवे दिवे लुकलुकताना दिसतील. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात क्षणभर रक्त वाढतं, उजेड जास्त शोषला जातो, परत येतो तो कमी. हा चढउतार मोजून आत नाडीचा आकडा काढला जातो. युक्ती खरोखर नामी आहे आणि शांत बसलेल्या माणसाची नाडी ती बऱ्यापैकी बरोबर सांगते. पण पट्टा ढिला असेल, बांगड्या मध्ये येत असतील, मनगटावर गडद गोंदण असेल, तर उजेडाचा हिशेब चुकतो आणि आकडा भलतंच काही सांगतो.

पावलांचं तसंच. घड्याळाला पावलं दिसत नाहीत, त्याला फक्त हाताचा हेलकावा कळतो. म्हणून खड्ड्यांच्या रस्त्यावर स्कूटरवरून गेलं तरी काही पावलं जमा होतात आणि दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन मंडईतून पायी आलं तर बरीच बुडतात. रोज दहा हजार पावलांचा जो आकडा डोक्यात बसलाय, तोही कुठल्या वैद्यकीय अभ्यासातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते, तिथून तो आकडा जगभर गेला. आमच्या सोसायटीत रात्री साडेनऊला उरलेली आठशे पावलं भरायला पार्किंगमध्ये गोल फिरणारे लोक आहेत. हसायला येतं, पण ते फिरतात हे महत्त्वाचं. आम्ही लहानपणी खूप चालायचो हे खरं, पण ते हौसेने नव्हे, बस नव्हती म्हणून. बस आल्यावर आम्हीही बसलोच.

पावलं आणि नाडी इथवर ठीक आहे. त्यापुढे मात्र सावध राहावं. महागड्या अॅपल वॉचमध्ये २०१८ पासून ईसीजी आहे, बोट टेकवून ३० सेकंद बसायचं, आणि ठोक्यांमधली एका प्रकारची अनियमितता त्यात पकडता येते. पण हृदयविकाराचा झटका त्याला ओळखता येत नाही, हे कंपनी स्वतः सांगते. छातीत दुखत असताना घड्याळात ‘सगळं ठीक’ बघून घरी बसणं जिवावर बेतू शकतं. सॅमसंगच्या काही घड्याळांत रक्तदाब दिसतो, पण त्यालाही दर चार आठवड्यांनी दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. मग असं काहीच जुळवून न घेता दीड हजाराचं घड्याळ रक्तदाबाचा आकडा झटकन दाखवतं, तेव्हा तो येतो कुठून? आणि सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळांवर भरवसा ठेवू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्येच दिला आहे. इन्शुलिन घेणाऱ्या माणसाने अशा आकड्यावर डोस ठरवला तर काय होईल, ते सांगायला नको.

तरी स्मार्टवॉच निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या वहिनी स्वयंपाकघरात असताना फोन बाहेरच्या खोलीत वाजत राहायचा आणि नेमका मुलीचा परदेशातून आलेला फोन हुकायचा. आता पिठाचे हात असतानाही मनगट थरथरतं आणि कुणाचा फोन आहे ते दिसतं. एकट्या राहणाऱ्या वयस्कर माणसाला पडलो तर आपोआप फोन लावणारं घड्याळ मिळत असेल, आणि ते परवडत असेल, तर जरूर घ्यावं. ऐकू कमी येणाऱ्यांना त्या थरथरीचा फार आधार होतो. गोळ्यांची आठवण त्यावर छान राहते.

एरवी, ज्याचा फोन दिवसभर हाताशीच असतो, त्याला ते कशाला हवं, हे मला कळत नाही. फोन खिशातून एकदा सांगतो, घड्याळ तेच मनगटावर पुन्हा सांगतं. त्यातले निम्मे निरोप सोसायटीच्या ग्रुपवरच्या ‘शुभ सकाळ’चे. जुन्या घड्याळाकडे आपण बघायचो, ते आपल्याला कधी हाक मारत नसे. स्मार्टवॉच घेतलंच तर पहिल्याच दिवशी फोन कॉल सोडून बाकी सगळ्या सूचना बंद करा, नाहीतर जेवताना समोरच्या माणसाला वाटेल की तुम्हाला गाडी पकडायचीय. परीक्षेला बसणाऱ्या मुलाला मात्र साधं काट्यांचंच घेऊन द्या. स्मार्टवॉच परीक्षेच्या वर्गात नेऊ देत नाहीत, आणि ‘नीट’ला तर साधं घड्याळही बाहेर काढून ठेवावं लागतं.

घरात रक्तदाबाचा रुग्ण असेल आणि दोन हजार रुपयेच खर्चायचे असतील, तर आधी दंडाला पट्टा बांधायचं यंत्र आणा. घड्याळाचं नंतर बघू.