काळ्या रेतीवरचा कॅमेरा
प्रवासाची दैनंदिनी : लेंबे सामुद्रधुनी, उत्तर सुलावेसी

सोमवार, बितुंग

मनाडोच्या विमानतळावरून बितुंगला यायला तास-दीड तास लागतो. बितुंग हे मासळीचं बंदर. टूना डबाबंद करणारे कारखाने, मालवाहू जहाजं, धक्क्याला चिकटून वस्ती. समोर लेंबे बेट आणि मधे सोळाएक किलोमीटर लांबीची अरुंद सामुद्रधुनी. जगभरातले पाण्याखालचे छायाचित्रकार पैसे साठवून साठवून येतात ते इथे, हे सांगितलं तर धक्क्यावरून पाहणाऱ्याला खरं वाटणार नाही. मनाडोच्या समोर, दुसऱ्या अंगाला, बुनाकेनचं राष्ट्रीय सागरी उद्यान आहे. तिथे नितळ पाणी आहे, प्रवाळाच्या उभ्या भिंती आहेत. इथे ज्वालामुखीची काळी रेती, गढूळ पाणी आणि तळाशी बाटल्या, टायर, चपला. पण या बोडक्या तळाचंच सगळं कर्तृत्व आहे. प्रवाळात हजार कपारी असतात, धोका दिसला की प्राणी आत शिरतो. रेतीवर कपार नाही. तिथे जगायचं तर लपण्याची सोय स्वतःच्याच अंगात हवी: रंग बदलणारी कातडी, केसाळ त्वचा, विष, दुसऱ्याच्या टाकलेल्या शिंपल्याचा आडोसा, नाहीतर सरळ रेतीत गाडून घेणं. सामुद्रधुनीतला प्रवाह वाहत्या पाण्याबरोबर खाणं आणून देतोच. त्यामुळे सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचे, चित्रविचित्र रूपाचे जीव इथे दाटीवाटीने राहतात.

असल्या गाळात मुद्दाम उतरण्याला मक डायव्हिंग म्हणतात. पापुआ न्यू गिनीत डायव्हिंगची बोट चालवणाऱ्या बॉब हॉलस्टेड यांनी १९८०च्या दशकात हे नाव रूढ केलं. आज तो हौशी लोकांचा खुळा नाद राहिलेला नाही. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समधल्या या व्यवसायाचा हिशेब २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षाला पंधरा कोटी डॉलरहून अधिक उलाढाल, एक लाखाहून अधिक डायव्हर आणि २,२०० हून अधिक लोकांना रोजगार. सौंदर्याच्या कुठल्याच यादीत नसलेल्या समुद्रतळाला एवढी किंमत मिळाली ती कॅमेऱ्यामुळे, हे आधी मान्य करायला हवं. कारण पुढचे काही दिवस त्याच कॅमेऱ्याविरुद्ध एक तक्रार मांडायची आहे. डिवचलेल्या प्राण्याचं छायाचित्र प्राण्याला त्रासदायक असतं हे सगळे कबूल करतात. माझं म्हणणं त्याच्या पुढचं आहे: ते छायाचित्र खोटंही असतं.

मंगळवार, हेअरबॉल

हेअरबॉल ही सामुद्रधुनीतली नावाजलेली जागा, म्हणजे पाहायला गेलं तर काळ्या रेतीचा एक उतार. इथला मानकरी हेअरी फ्रॉगफिश. अंगभर केसांसारखे धागे, रंग सडक्या शेवाळाचा, पोहण्याचा कंटाळा. कपाळावर एक काडी, काडीच्या टोकाला किड्यासारखा मांसल गोळा. तो गोळा हलवत हा बसून राहतो. किड्याच्या आशेने एखादा छोटा मासा जवळ आला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो नाहीसा झालेला असतो. हे दृश्य टिपायला तास तास थांबावं लागतं, आणि डायव्हिंगमध्ये तास म्हणजेच जवळपास संपूर्ण टाकी. घाई इथूनच सुरू होते.

गाइडच्या हातात वीतभराहून थोडी मोठी धातूची काडी असते. तिचा मूळ उपयोग उत्तम आहे. ती रेतीत रोवून एका बोटाने तोल सावरला की गुडघे आणि फिन्स तळाला लागत नाहीत, गाळ उडत नाही. पण तीच काडी प्राण्याकडे वळवली की काम झटपट होतं. पाठमोरा मासा तोंड फिरवतो, रेतीत दडलेला बाहेर येतो, शांत बसलेला रंग पालटतो. फ्लँबॉयंट कटलफिशचं उदाहरण घ्या. जांभळ्या, पिवळ्या, पांढऱ्या लाटा अंगावर खेळवणारा हा इवला जीव मासिकांच्या मुखपृष्ठांवर असतो. हा प्राणी नेहमी असाच झगमगतो, अशी वाचकाची समजूत. रॉजर हॅनलन आणि ग्वेंडोलिन मॅकमनस यांनी याच लेंबेत त्याचं निरीक्षण करून २०२०मध्ये लिहिलं की बहुतेक वेळ तो आजूबाजूच्या तळाशी मिळताजुळता रंग घेऊन असतो. तो झगमगाट नराचं प्रियाराधन किंवा समोर आलेला धोका अशा मोजक्याच प्रसंगांचा. निळ्या वलयांच्या ऑक्टोपसचं तर याहून उघड आहे. शांत असताना त्याची वलयं फिकट असतात. ती विजेसारखी निळी पेटतात तेव्हा तो सांगत असतो की मी विषारी आहे, लांब हो. पोस्टरवरचा तो देखणा निळा रंग पुष्कळदा घाबरलेल्या प्राण्याचा असतो, आणि ज्याला तो घाबरला तो माणूस कॅमेऱ्यामागे असतो. खाली मात्र फक्त प्राण्याचं नाव छापलेलं.

बुधवार, न्यूडी फॉल्स

इथे रेतीच्या जोडीला एक भिंत आहे आणि भिंतीवर पंख्यासारखे फांद्याळ प्रवाळ, म्हणजे सी फॅन. याच कुळातल्या एका पंख्यावर पिग्मी सीहॉर्स राहतो. उंची जेमतेम दोन सेंटिमीटर. शेपूट फांदीला गुंडाळून बसला की करंगळीच्या नखाएवढा. अंगावर गुलाबी-लालसर पुटकुळ्या, आणि त्या पंख्याच्या मिटलेल्या पॉलिपशी इतक्या तंतोतंत जुळतात की माणसाला तो सापडला तोसुद्धा अपघाताने. १९६९मध्ये न्यू कॅलेडोनियात जॉर्ज बार्जिबां यांनी संग्रहालयासाठी सी फॅन गोळा केला, तपासताना त्यावर हे जीव आढळले. पुढच्याच वर्षी जातीला त्यांचं नाव मिळालं. १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स आणि तिच्यावर भिंग चढवून पाहिलं तरी दृश्यात स्पष्ट येतो तो कागदाच्या जाडीएवढा पट्टा. डोळा स्पष्ट तर तोंड धूसर. त्यात हा पठ्ठ्या लेन्स दिसली की पाठ फिरवतो. मग काडी पुढे येते.

इथे पहिला आक्षेप येतो: काडीचं काय घेऊन बसलात, खरा अपराधी फ्लॅश आहे, त्या लखलखाटाने डोळे जात असतील. शंका रास्त आहे, म्हणून ती तपासली गेली. मार्टेन द ब्राउवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्रयोगशाळेतल्या सीहॉर्सवर वारंवार फ्लॅश मारून त्यांचं खाणं आणि नेत्रपटल तपासलं. नेत्रपटलाला इजा दिसली नाही. समुद्रातल्या प्रयोगांतही माणूस नुसता जवळ असण्यापेक्षा फ्लॅशचा परिणाम जास्त नव्हता. प्राण्यांची सर्वांत तीव्र प्रतिक्रिया आली ती स्पर्शाला. ऑस्ट्रेलियात डेव्हिड हरास्टी आणि विल्यम ग्लॅडस्टोन यांनी २०१३मध्ये सीहॉर्सवरच केलेलं काम त्याच दिशेचं आहे. चार-दोन जातींवरून सगळ्या समुद्राचा निकाल लावता येत नाही, हे खरं. पण फ्लॅशवर खापर फोडणं फार सोयीचं असतं: यंत्र दोषी, हात मोकळा. फोटो किती काढावेत याचे नियम काही ठिकाणी आहेत, तेही असावेत. मात्र पाच फोटोंचा नियम पाळून त्या पाचांसाठी पंखा वाकवला तर नियमाला अर्थ उरत नाही.

गुरुवार, पोलीस पिअर

दुसरा आक्षेप वजनदार आहे. बंदराचं सांडपाणी, प्लॅस्टिक, मासेमारी, मत्स्यालयांचा व्यापार यांच्यापुढे एका काडीची ती काय मातब्बरी! पोलीस पिअरला दिसणारा बांगाई कार्डिनलफिश या म्हणण्याचा जिवंत पुरावा आहे. मूळचा दूरच्या बांगाई बेटांचा हा मासा मत्स्यालयांच्या व्यापारातून सुटून २०००च्या सुमारास लेंबेत रुजला. इथे तो सुखात आहे; मायदेशी धोक्यात, म्हणून २००७पासून आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत. व्यापार केवढी उलथापालथ करतो ते यावरून कळावं. पण मोठा अन्याय दाखवून लहान अन्याय झाकता येत नाही. शिवाय काडीचा उपद्रव सरासरीत मोजण्यासारखा नाही. तो संपूर्ण सामुद्रधुनीवर विखुरत नाही. गाइडांना ठाऊक असलेल्या त्याच एका पंख्यावर, त्याच एका सीहॉर्सवर, दिवसभरात येणाऱ्या प्रत्येक बोटीकडून पडतो. आणि बंदराचा कचरा डायव्हरच्या हातात नाही, काडी आहे.

शुक्रवार

तिसरा आक्षेप कलेचा. छायाचित्र म्हणजे पंचनामा नव्हे, असं म्हणणारे भेटतात. नसेल, पण या विशिष्ट छायाचित्रांची सगळी प्रतिष्ठा ‘हे निसर्गात असंच आहे’ या भरवशावर उभी आहे. विज्ञानही त्याच भरवशावर त्यांच्याकडे वळतं. १९९८मध्ये सुलावेसीच्याच किनाऱ्याजवळ मिमिक ऑक्टोपस सापडला. त्याच्या सोंगांचं वर्णन २००१मध्ये छापून आलं आणि जातीला शास्त्रीय नाव मिळायला २००५ उजाडलं. त्याचा भाऊबंद वंडरपस. त्याच्या अंगावरचे पांढरे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असल्याने छायाचित्रांवरून एकेक ऑक्टोपस ओळखता येतो. उत्तर सुलावेसी आणि बालीच्या समुद्रात ज्युलियन फिन आणि सहकाऱ्यांनी ५०० तासांहून अधिक वेळ पाण्याखाली राहून आणखी एका जातीचे वीसेक ऑक्टोपस पाहिले. त्यांतले काही नारळाच्या करवंट्या पोटाशी धरून, पायांवर उभं राहून चालत जात आणि पुढे त्याच करवंट्यांचा आडोसा करत. अपृष्ठवंशीयही अवजारं बाळगतात, हे २००९मध्ये जगाला कळलं ते यामुळे. कुणी करवंटी हातात आणून दिली असती तर त्या चित्रफितीला शास्त्रात काडीचीही किंमत उरली नसती.

शनिवार, बितुंग

विमान प्रवासाआधी किमान अठरा तास पाण्यात उतरायचं नाही, रक्तातला नायट्रोजन निघून जायला हवा. म्हणून शेवटचा दिवस कोरडा. राहिलेला आक्षेप गाइडच्या पोटाचा. फोटो न घेता परतलेलं गिऱ्हाईक नाराज होतं, नाराज गिऱ्हाईक बक्षिसी देत नाही, म्हणून गाइड काडी चालवतो. हे कारण खरं आहे, आणि उपायही त्यातच आहे. गढूळ पाण्यात पाच मिलिमीटरची केसाळ कोळंबी शोधणारी नजर ही त्याची विद्या; काडीने डिवचणं कुणालाही जमतं. गिऱ्हाईकाने पैसे विद्येचे द्यावेत. कॅमेरेवाले डायव्हर प्राण्यांजवळ जास्त वेळ रेंगाळतात आणि जास्त स्पर्श करतात, असं अभ्यासात दिसलं आहे. तेव्हा सुरुवात त्यांनीच करायला हवी.

हा प्रश्न फक्त इंडोनेशियाचा नाही. ओहोटीला मुंबईच्या हाजी अलीच्या खडकांवर न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी, दिसतात आणि त्या पाहायला हल्ली मोबाइल घेऊन माणसं जमतात. तिथे काडी नसते, दगड उलटायला हात असतो. उलटलेला दगड तसाच सोडला तर खालचे जीव उन्हात मरतात.

लेंबेला जाणाऱ्यांना विनंती एवढीच. बोटीत बसल्यावर, पाण्यात उडी मारण्याआधी, गाइडला स्पष्ट सांगा: माझ्यासाठी काहीही हलवायचं नाही, नाही दिसलं तरी चालेल. आणि सीहॉर्स पाठमोरा राहिला म्हणून बक्षिसी कमी करू नका.