नदीपलीकडची निवडणूक

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडण्याचा हक्क कॅनडातल्या विंडसरवासीयांना नाही. पण त्या निवडीचा पहिला फटका बसतो तो याच गावाला!

नकाशात कॅनडा नेहमी अमेरिकेच्या डोक्यावर. पण मिशिगन राज्यातल्या डेट्रॉइट शहरी गेलात, तर हे शाळेत शिकलेलं भूगोलाचं ज्ञान गुंडाळून ठेवावं लागतं. तिथे नदीकाठी उभं राहून दक्षिणेकडे बघितलं की समोर दिसतो तो कॅनडा. डेट्रॉइट नदी इथे असं वळण घेते की अमेरिकी शहर उत्तरेला राहतं आणि कॅनडाचं विंडसर दक्षिणेला. मध्ये पाणी किती? एक किलोमीटरही भरत नाही.

विंडसरची वस्ती जेमतेम सव्वा दोन लाखांची. मुख्य रस्ता ओलेट अॅव्हेन्यू थेट नदीला जाऊन थांबतो आणि समोर रेनेसान्स सेंटरचे गोल काचेचे मनोरे उभे ठाकतात. संध्याकाळी ते उजळले की विंडसरची माणसं काठावरच्या बागेत फिरायला येतात. आपल्या शहराची नव्हे, दुसऱ्या देशाची रोषणाई बघत! बागेचं नाव डिएप गार्डन्स. १९ ऑगस्ट १९४२ रोजी फ्रान्समधल्या डिएप बंदरावर जो फसलेला हल्ला झाला, त्यात विंडसर परिसरातल्या एसेक्स स्कॉटिश रेजिमेंटचे अनेक जवान कामी आले. कॅनडा सप्टेंबर १९३९ मध्येच महायुद्धात उतरला होता. नदीपलीकडचा देश उतरला तो डिसेंबर १९४१ मध्ये. जगात काय चाललंय याची झळ या काठाला कधी कधी आधी लागते, ती अशी.

दोन्ही शहरांना जोडतो १९२९ मध्ये खुला झालेला अँबॅसडर पूल. मनोऱ्यांमधल्या ५६४ मीटरच्या गाळ्यामुळे तो त्या वेळी जगातला सर्वांत लांब गाळ्याचा झुलता पूल होता. दोनच वर्षांनी न्यूयॉर्कच्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाने हा मान हिरावून घेतला. १९३० मध्ये नदीखालून बोगदाही आला. वाशीचा माणूस खाडीपूल ओलांडून मुंबईला नोकरीला जातो, तशा विंडसरच्या शेकडो नर्सेस रोज डेट्रॉइटच्या इस्पितळांत कामाला जातात. फरक एवढाच की खाडीपुलावर कुणी पासपोर्ट मागत नाही.

आणि बातम्या? त्यांना पासपोर्टही लागत नाही. घरावर साधा अँटेना लावला तरी डेट्रॉइटची २, ४ आणि ७ क्रमांकाची चॅनेल्स विंडसरमध्ये दिसत आली आहेत. विंडसरचं स्वतःचं चॅनेल ९ क्रमांकाचं, पण घराघरात गप्पा पलीकडच्या बातम्यांच्या. (उलटंही घडलं. साठ-सत्तरच्या दशकात विंडसरच्या सीकेएलडब्ल्यू या ५० हजार वॅटच्या रेडिओ केंद्रावर डेट्रॉइटची तरुणाई फिदा होती.) त्यामुळे अमेरिकेत निवडणुकीचा हंगाम आला की उमेदवारांच्या जाहिराती विंडसरच्या दिवाणखान्यातही धडकतात. ‘मला मत द्या’ अशी विनवणी अशा माणसाला, ज्याला मतच नाही!

हा हंगाम सुरू होतो तो नोव्हेंबरच्या मुख्य लढतीने नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी होणाऱ्या प्रायमरीने. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठीची निवडणूक. आपल्याकडे तिकीट कुणाला, हे दिल्लीतल्या बंद दाराआड ठरतं आणि इच्छुक बाहेर ताटकळतात. अमेरिकेत तिकिटासाठीही गावोगाव मतं मागावी लागतात. एकेका राज्यात मतदान होतं आणि मिळालेल्या मतांनुसार पक्षाच्या अधिवेशनात पाठवायचे प्रतिनिधी ठरतात. मिशिगनमध्ये तर मतदाराला आपला पक्ष आधी नोंदवावाही लागत नाही. आज या पक्षाची मतपत्रिका घेतली, चार वर्षांनी त्या पक्षाची घेतली तरी चालतं. शिवाय तिथे ‘अनकमिटेड’ असाही एक पर्याय असतो. म्हणजे पक्ष आमचा, पण यादीतल्या उमेदवाराला आमचा शब्द नाही.

विंडसरच्या दृष्टीने खरी गोम प्रायमरीतच आहे. हेन्री फोर्डने १९०३ मध्ये डेट्रॉइटला कंपनी काढली आणि दुसऱ्याच वर्षी फोर्डची कॅनडातली शाखा विंडसरलगतच्या वॉकरव्हिलमध्ये उभी राहिली. तेव्हापासून हे गाव मोटारींवर जगतं. १९६५ च्या मोटार कराराने दोन देशांमधला मोटारींचा व्यापार शुल्कमुक्त केला. १९९४ मध्ये मेक्सिकोलाही घेऊन नाफ्टा करार आला. एखादा सुटा भाग गाडीत बसण्यापूर्वी दोन-तीनदा नदी ओलांडतो, असा हा कारभार. आता मिशिगन आणि ओहायोच्या प्रायमरीत मतं कुणाची मागायची? मोटार कामगारांची. त्यांना काय सांगायचं? ‘देशाबाहेर गेलेल्या नोकऱ्या परत आणतो.’ उमेदवाराच्या मनात बहुतेक वेळा मेक्सिको असतो. पण विंडसरही ‘देशाबाहेर’च आहे ना!

२००८ मध्ये या प्रश्नाने चांगलाच धुरळा उडाला. २६ फेब्रुवारीला क्लीव्हलंडच्या वादसभेत हिलरी क्लिंटन आणि बराक ओबामा या दोघांनीही नाफ्टा नव्याने ठरवू, नाहीतर बाहेर पडण्याचा इशारा देऊ, असं ठणकावलं. दुसऱ्याच दिवशी कॅनडाच्या सीटीव्ही वाहिनीने बातमी फोडली, की ओबामांच्या गोटातून कॅनडाला खासगीत दिलासा मिळालाय, ‘हे प्रचाराचं बोलणं आहे, फार मनावर घेऊ नका.’ ओबामांचे आर्थिक सल्लागार ऑस्टन गूल्सबी शिकागोतल्या कॅनडाच्या वकिलातीत गेले होते आणि त्या भेटीचं टिपण वकिलातीच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलं होतं. आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असं गूल्सबी सांगत राहिले. पण ४ मार्चच्या मतदानाच्या आदल्या दिवशी टिपणच वृत्तसंस्थेच्या हाती लागलं. ओहायो क्लिंटन यांनी जिंकलं. ओबामांच्या हरण्याला एवढं एकच कारण होतं असं नव्हे. पण शेजारच्या देशाने नुसतं कान लावून ऐकलं तरी प्रायमरीत काय गोंधळ उडू शकतो, ते तेव्हा दिसलं.

कॅनडाच्या नावाने अमेरिकी उमेदवार अडचणीत येण्याची ही पहिली वेळ नव्हती. मिशिगनपासून दूर, क्यूबेक प्रांताला लागून न्यू हॅम्पशायर हे चिमुकलं राज्य आहे. तिथल्या कापडगिरण्यांत क्यूबेकमधून आलेल्या फ्रेंचभाषक कुटुंबांच्या पिढ्या राबल्या. १९७२ च्या प्रायमरीआधी मँचेस्टरच्या एका वृत्तपत्राने एक पत्र छापलं. डेमोक्रॅटिक पक्षाचे आघाडीचे उमेदवार एडमंड मस्की या लोकांना हिणवणाऱ्या ‘कॅनक’ या शब्दावर हसले, असा त्यात आरोप होता. त्यातच त्यांच्या पत्नीबद्दलही खवचट मजकूर आलेला. संतापलेल्या मस्कींनी भुरभुरत्या बर्फात वृत्तपत्राच्या कचेरीसमोर भाषण केलं. बोलताना त्यांचा कंठ दाटला. ते अश्रू होते की वितळलेला बर्फ, यावर अमेरिकेत अजून वाद घालतात! मस्की तिथे जिंकले, पण अपेक्षेपेक्षा कमी मतांनी, आणि पुढे मागेच पडले. पत्र बनावट होतं. निक्सन यांच्या गोटातली ती करामत, असं नंतर वॉशिंग्टन पोस्टने छापलं.

त्याच वर्षी मिशिगनच्या प्रायमरीने विंडसरलाही हादरवलं. डेट्रॉइटच्या शाळांमध्ये काळ्या आणि गोऱ्या मुलांना एकत्र आणण्यासाठी त्यांची बसने दूरच्या शाळांत पाठवणी करायची की नाही, यावरून राज्य पेटलं होतं. काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवण्याच्या राजकारणातून वर आलेले अलाबामाचे जॉर्ज वॉलेस मैदानात होते. १५ मे रोजी मेरीलँडमध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्याच दिवशी मिशिगनमध्ये मतदान झालं आणि इस्पितळात पडलेले वॉलेस जिंकले. १९६७ च्या दंगलीत डेट्रॉइट जळत असताना विंडसरच्या लोकांनी धुराचे लोट याच काठावरून पाहिले होते. टीव्हीवर आकडे बघणाऱ्यांना त्या धुराची आठवण झाली नसेल तरच नवल.

आता तो ‘अनकमिटेड’चा पर्याय पाहा. २००८ मध्ये मिशिगनने पक्षाचा नियम मोडून प्रायमरी १५ जानेवारीलाच उरकली. म्हणून ओबामांनी मतपत्रिकेवरून आपलं नावच काढून घेतलं, आणि सुमारे ४० टक्के लोकांनी ‘अनकमिटेड’वर खूण केली. तेव्हा ती एक गंमत होती. २०२४ मध्ये गंमत उरली नाही. अँबॅसडर पुलाच्या पलीकडे थोड्याच अंतरावर डिअरबॉर्न हे गाव आहे. फोर्डचं मुख्यालय तिथलं, आणि अरब वंशाच्या अमेरिकनांची मोठी वस्तीही तिथलीच. गाझातल्या युद्धात बायडेन यांनी इस्रायलची पाठराखण केल्यामुळे ही वस्ती खवळली होती. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी डेमोक्रॅटिक प्रायमरीत एक लाखाहून अधिक लोकांनी, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी, ‘अनकमिटेड’ला मत दिलं. विंडसरमध्ये इंग्रजी-फ्रेंच सोडून सर्वाधिक बोलली जाणारी मातृभाषा अरबी. वायंडॉट स्ट्रीटवर लेबनीज बेकऱ्या आणि किराण्याची दुकानं आहेत. एक भाऊ या काठाला, दुसरा त्या काठाला, अशीही घरं आहेत. हजारो मैलांवरच्या युद्धाचा राग मतपेटीत उतरताना या घरांतल्या एका भावाला मत होतं, दुसऱ्याला फक्त टीव्ही.

त्याआधी २०२० मध्ये १० मार्चला बायडेन यांनी इथे बर्नी सँडर्स यांना हरवलं होतं. पण त्या निकालावर चर्चा करायला वेळच मिळाला नाही. कोरोनामुळे ११ दिवसांनी सीमा बंद झाली. नर्सेस आणि मालाचे ट्रक तेवढे जात-येत राहिले. कॅनडाने लस घेतलेल्या अमेरिकनांसाठी दार उघडलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये आणि अमेरिकेने जमिनीवरची सीमा उघडली ती त्या नोव्हेंबरात. तोवर नातवंडं नदीपल्याड आणि आजी-आजोबा अल्याड.

कॅनडात पक्षाचा नेता पक्षाचे सभासद निवडतात, आणि सगळं कसं झटपट आटोपतं. मार्क कार्नी ९ मार्च २०२५ रोजी लिबरल पक्षाचे नेते झाले आणि २८ एप्रिलला सार्वत्रिक निवडणूक पारही पडली. प्रचार पाच आठवड्यांचा. अमेरिकेत तेवढ्यात दोन-चार राज्यांच्या प्रायमरी होतात! पण कॅनडाची ती निवडणूकही एका अर्थी नदीपलीकडच्याच निकालावर लढली गेली. ट्रम्प यांनी २०१६ च्या प्रायमरीपासून नाफ्टाला शिव्याशाप दिले होते. सप्टेंबर २०२३ मध्ये पक्षाचे इतर इच्छुक कॅलिफोर्नियात वादसभा करत असताना ते डेट्रॉइटजवळच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात भाषण करत होते. त्याच्या आदल्या दिवशी बायडेन संपावरच्या मोटार कामगारांबरोबर उभे राहून गेले होते. दोघांचीही नजर एकाच मतदारावर. दुसऱ्यांदा सत्तेवर आल्यावर ट्रम्प यांनी कॅनडाला ५१ वं राज्य करण्याची भाषा केली आणि एप्रिल २०२५ मध्ये परदेशी मोटारींवर २५ टक्के आयातशुल्क लावलं. लगोलग विंडसरचा क्रायस्लर गाड्यांचा कारखाना दोन आठवडे बंद राहिला. हजारो कामगार घरी. प्रांताच्या सरकारी दारूच्या दुकानांतून अमेरिकन बाटल्या मार्चमध्येच हटल्या होत्या. बोगद्यातून डेट्रॉइटला जाणारी विंडसरची बससेवाही त्याच वर्षी बंद पडली.

मग विंडसरच्या माणसाने करायचं काय? अमेरिकी उमेदवाराला देणगी द्यावी म्हटलं तर परकीयांना कायद्याने बंदी. ज्यांच्याकडे अमेरिकेचंही नागरिकत्व आहे, त्यांची गोष्ट वेगळी. २००८ पासून डेमोक्रॅटिक पक्ष परदेशस्थ अमेरिकनांची स्वतंत्र प्रायमरी घेतो आणि त्यातून निवडलेले प्रतिनिधी अधिवेशनात बसतात. टोरांटोतही मतदान केंद्रं लागली आहेत. बाकीच्यांनी आकडे बघायचे.

हे आकडे बघताना डेट्रॉइटच्या राजकारणात एक ओळखीचं नाव भेटतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार. त्यांचं ‘ही श्रीची इच्छा’ हे आत्मकथन मराठी वाचकांना ठाऊक आहेच. २०१८ मध्ये ते मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि तिसरे आले. २०२२ मध्ये डेट्रॉइटचा मोठा भाग असलेल्या मतदारसंघात त्यांनी प्रायमरी जिंकली. तो डेमोक्रॅट्सचा बालेकिल्ला असल्याने नोव्हेंबरची लढत नावापुरतीच होती. नदीकाठी प्रायमरीला एवढं महत्त्व का, हे त्यावरूनही कळतं. २०२४ मध्ये ते पुन्हा निवडून आले.

विंडसरच्या वाट्याचा सर्वांत मोठा कौल मात्र कुठल्याच उमेदवाराचा नव्हता. अँबॅसडर पूल खासगी मालकीचा. त्याला पर्याय म्हणून सरकारी पूल बांधण्याचा करार २०१२ मध्ये कॅनडा आणि मिशिगनने केला. खर्च सगळा कॅनडाचा, वसुली टोलमधून. जुन्या पुलाच्या मालकांनी मिशिगनमध्ये प्रस्ताव मांडला, की नवा पूल बांधण्याआधी राज्यभर जनमत घ्यावं. त्या नोव्हेंबरात मिशिगनच्या मतदारांनी तो प्रस्ताव फेटाळला. पैसे कॅनडाचे, मत मिशिगनचं! २०१८ मध्ये बांधकाम सुरू झालं. पुलाला नाव दिलं गॉर्डी हाऊ यांचं. जन्म कॅनडातल्या सस्कॅचवानचा, आणि आइस हॉकी खेळले ते तब्बल २५ हंगाम डेट्रॉइटच्या रेड विंग्ज संघाकडून.