दुरुस्त करायचं, पण पुसायचं नाही

ग्राफिंग कॅल्क्युलेटर आपल्यापैकी बहुतेकांनी कॉलेजात हातातही घेतला नसेल. आपल्या बोर्डाच्या परीक्षेला लॉग टेबल, कॅल्क्युलेटर नाहीच! टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८३ प्लस १९९९ साली आला आणि अमेरिकेत पोरांच्या दप्तरात जाऊन बसला.

तसाच एक बंद पडलेला नग मामेभावाने तिकडच्या जुन्या बाजारातून उचलला आणि म्हसवडला ताईकडे दिला, अकरावीतल्या भाचीसाठी. या वीकेंडला तो माझ्या हाती आला. मागे इंग्रजीत 'विक्रीसाठी नाही' असं स्टिकर आणि अनुक्रमांकाच्या जागी पेनने लिहिलेला आकडा. म्हणजे बाजारात येण्याआधीचा नमुना? पण स्टिकर काय, कुणीही चिकटवेल. खरं काय ते आतलं सॉफ्टवेअरच सांगणार, आणि त्यासाठी आधी यंत्र सुरू व्हायला हवं.

कप्प्यात सेल गळून पांढरी पूड साचलेली. अल्कलाईन सेलमधून अल्क गळतं, त्याला उतारा आम्लाचा. म्हणून कापसाच्या काडीने लिंबाचा रस, मग स्पिरिट, शेवटी खोडरबर. नाण्याएवढा सीआर१६१६ सेल सिद्धनाथाच्या देवळाजवळच्या घड्याळवाल्याकडे मिळाला. चार ट्रिपल ए सेल घातले, तरी स्क्रीन कोरीच! इथेच बरेच जण हात टेकतात. 'सेकंड' दाबून सोडलं, वरचा बाण धरून ठेवला, कॉन्ट्रास्ट वाढला आणि अक्षरं उमटली.

मग मेमरीच्या मेन्यूत 'अबाउट' उघडलं. विकल्या गेलेल्या यंत्रांवर १.१२, १.१९ असे आवृत्तीचे आकडे असतात. इथला शून्याने सुरू होत होता. सापडला!

भाची म्हणाली, "मामा, आता नवीन ओएस टाक की."

तिचं बरोबरच होतं. केबल असली की सोपं काम. पण ओएस फ्लॅश मेमरीत असते, म्हणून तर सेल सडले तरी ती टिकली. नवी टाकली की जुनी कायमची गेली. कुणीतरी रात्री जागून केलेलं बिल्ड असेल ते. आपलीही अशी किती बिल्ड्स रिलीजनंतर पुसली गेली, कुणी मोजलीत?

तेव्हा ठरलं, आधी जुन्या ओएसची प्रत कॉम्प्युटरवर घ्यायची, तोवर नवीन काही टाकायचं नाही. भाचीला एवढी अट मान्य झाली. तिने लगेच साइन एक्सचा आलेख काढला. ९६ गुणिले ६४ ठिपके, लाट जराशी दातेरी. पण टेबलात नुसते आकडे दिसतात, लाट दिसत नाही :-)