दुनळीचा भाव

आपल्याकडे जुन्या बाराबोर बंदुकीला जो भाव मिळतो, तो ऐकून इंग्लंडमधला माणूस चक्रावेल. बर्मिंगहॅममध्ये बनलेली, फारशी नक्षी नसलेली, शेजारी-शेजारी दोन नळ्यांची साधी बंदूक तिकडच्या लिलावात काहीशे पौंडांत निघते, कधी त्याहून कमीत. तीच बंदूक इथे परवाना असलेल्या गिऱ्हाईकाला विकायची म्हटली की बोलणी लाखांत सुरू होतात. आणि हे कारागिरीचं कौतुक नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यावर सरकारने खाजगी लोकांसाठी परदेशी बंदुकांची आयात बंद केली. नामांकित नेमबाजांना तेवढी सवलत राहिली. म्हणजे त्याआधी देशात जेवढ्या वेब्ली, ग्रीनर आणि ब्राउनिंग येऊन पडल्या होत्या, त्याच आजवर एका हातातून दुसऱ्या हातात फिरत आहेत. माल वाढत नाही आणि हौस कमी होत नाही, तेव्हा भाव चढणारच.

हा हिशेब मी शिकलो तो आमच्या रहिमतपूरच्या घरातल्या वेब्ली अँड स्कॉटमुळे. आजोबांनी १९५८ साली घेतली. त्यांच्यामागे अब्बांच्या नावावर झाली. आता अब्बांचं वय बहात्तर. २०१६च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा त्याने शस्त्र पंचवीस वर्षं बाळगलं, की तो हयात असतानाच वारसाच्या नावाने परवाना मागता येतो. अब्बा दोन्ही अटींत बसतात. त्यामुळे गेले काही महिने घरात एकच विषय आहे, बंदूक ठेवायची की विकायची. पुण्याचा भाऊ म्हणतो विका. अम्मीचंही तेच मत, पण तिचं कारण वेगळं आहे. त्याकडे नंतर येतो.

आधी बंदुकीबद्दल. बाराबोर म्हणजे काय, हे परवाना असलेल्या कित्येकांना सांगता येत नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या वजनाच्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बाराबोर. एकेक गोळी साधारण ३८ ग्रॅमची. हे माप ठासणीच्या बंदुकीच्या काळातलं आहे, आज नळीतून शेकडो बारीक छर्रे जातात, तरी नाव तेच. जुनी बंदूक बघायला बसलं की जाणकार आधी दस्त्यावरचं पॉलिश बघत नाही. तो नळ्या उतरवतो आणि त्यांच्या पोटाखाली मारलेले ठसे वाचतो. लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या तपासणीघरात जादा दाबाचं काडतूस उडवून नळी पारखलेली असते, त्याचे ते ठसे. धूरविरहित दारूसाठी पारखलेली आहे का, काडतुसाचं घर ६५ मिलिमीटरचं आहे की ७०चं, हे तिथे कळतं. ६५च्या घरात ७०चं काडतूस बसतं खरं, कारण त्याचं तोंड दुमडलेलं असतं. पण उडाल्यावर ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. खडकीच्या कारखान्याचं शक्तिमान काडतूस घेतानाही डब्यावरचा हा आकडा बघावा. दमास्कस नळ्यांचंही तसंच. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या त्या नळ्यांवर पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी दिसते, संग्राहक तिच्यासाठी जीव टाकतात. त्या काळ्या दारूसाठी केलेल्या होत्या. आजचं काडतूस त्यात घालणं म्हणजे हाताची बोटं डावावर लावणं.

संग्राहकांच्या जगात आणखी एक भेद आहे, आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. शिकारीची बंदूक हलकी असते, तीन किलोच्या आसपास, कारण ती दिवसभर खांद्यावर वाहायची आणि उडवायची थोडीच. मातीच्या थाळ्यांवर नेम धरणाऱ्याची बंदूक जड असते, साडेतीन किलो आणि वर. ट्रॅपच्या एका स्पर्धेत १२५ थाळ्या. सराव धरला तर वर्षाला हजारो काडतुसं एकाच नळीतून जातात. जड बंदूक तो धक्का स्वतः पिते, खांद्यावर कमी पोचवते. जॉन ब्राउनिंगने आयुष्याच्या शेवटी एकावर एक नळ्या असलेली सुपरपोज्ड आखली. १९२६ साली बेल्जियममध्ये तो वारला, मुलाने काम पुरं केलं आणि १९३१पासून ती विकली जाऊ लागली. इटलीत ब्रेशियाजवळ पेराझीने एन्नियो मात्तारेल्ली या १९६४च्या ऑलिंपिक विजेत्याला सोबत घेऊन १९६८च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी एमएक्स-८ बनवली. तिचा चापाचा सगळा संच हाताने बाहेर निघतो. स्प्रिंग तुटली तर दुसरा संच बसवून पुढच्या थाळीला उभं राहता येतं. पन्नास-साठ वर्षांच्या अशा बंदुका आजही मैदानावर दिसतात, आणि त्यांना मागणी आहे ती त्या अजून काम करतात म्हणून.

कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या संग्रहालयात गेलं की याच्या उलट गोष्ट दिसते. काचेमागे शस्त्रं, भोवती पेंढा भरलेली जनावरं. सुंदर आहे सगळं, पण तिथली बंदूक आता फक्त बघायची वस्तू आहे. मी तिथे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा लवकर बाहेर पडलो.

थाळ्यांचा खेळ आला कुठून, तर जिवंत कबुतरांवरून. पिंजऱ्यातून कबूतर सोडायचं आणि उडता-उडता टिपायचं. १९००च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हे झालं आणि सुमारे ३०० पक्षी मारले गेले. मैदानावर रक्त आणि पिसं. इंग्लंडने १९२१ साली कायद्याने हे थांबवलं. तोवर पर्याय आलेला होता. १८८०च्या सुमारास अमेरिकेत सिनसिनाटीच्या लिगोव्हस्कीने मातीची थाळी काढली. आजची थाळी खरं तर मातीचीही नाही, चुनखडीची भुकटी आणि डांबर यांची, ११० मिलिमीटर रुंद, १०५ ग्रॅम वजनाची. नाव मात्र क्ले पिजन, मातीचं कबूतर.

आपल्या वाचकांना इथे एक हदीस आठवेल. हजरत इब्ने उमर (रजि.) जात असताना काही पोरं एक पक्षी बांधून त्यावर बाण सोडत होती. त्यांना पाहताच पोरं पांगली. इब्ने उमर यांनी सांगितलं, की जिवंत जिवाला निशाणा करणाऱ्यावर अल्लाहच्या रसूलनी (स.) लानत केली आहे. नेमबाजी शिकायला मात्र दीनमध्ये उत्तेजनच आहे. आमच्या आजोबांना हा फरक चांगला ठाऊक होता. त्यांच्या काळात घेवड्याच्या रानात ससे यायचे, माळावर तितर असायचे. छऱ्याने पडलेलं जनावर जिवंत असताना सुरी फिरली नाही तर बहुतेक हनफी उलेमा ते हलाल धरत नाहीत. त्यामुळे बार काढला की आजोबा बंदूक चुलत्याच्या हाती देऊन सुरी घेऊन पळत सुटायचे. सापडलं नाही वेळेवर, तर सोडून द्यायचे. अब्बा सांगतात, निम्म्या वेळा रिकाम्या हाताने घरी यायचे आणि दादी हसायची.

१९७२चा वन्यजीव कायदा आला, १९९१च्या दुरुस्तीने उरलीसुरली दारंही बंद झाली. बरंच झालं. बंदूक मात्र घरातच होती. आजोबा कुंभाराकडे जाऊन भाजताना तडकलेल्या पणत्या आणि बोळकी पोत्यात भरून आणत. गावाबाहेर माळावर चुलते आडवे हात फिरवून पणत्या भिरकावत आणि आजोबा उडवत. दहापैकी सहा फुटल्या तरी खूश. साताऱ्या-सांगलीकडे तेव्हा ट्रॅप हा शब्द कुणी ऐकला नसेल. त्याआधी १९६२ साली बिकानेरच्या करणी सिंगांनी कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं होतं, पहिल्या जागेची बरोबरी करून, जादा फेरीत हुकून. ते पाच ऑलिंपिक खेळले. २००४ला अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोडनी डबल ट्रॅपचं रौप्य आणलं. एक महाराज, एक फौजी अधिकारी. हा खेळ आपल्या देशात अजून त्याच वर्तुळाच्या आसपास फिरतो. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्निल कुसाळे दिले, पण ते सगळे रायफल आणि पिस्तुलाचे. एका खोलीत दहा मीटरची रेंज होते. थाळ्यांना मोकळं मैदान लागतं, फेकणारी यंत्रं लागतात, आणि प्रत्येक चुकलेल्या थाळीमागे काडतुसाचे पैसे जातात.

माझी भाची एअर रायफल शिकते. तिने विचारलं, नानांच्या बंदुकीवर ट्रॅप खेळता येईल का? खरं सांगितलं. नाही. बंदूक हलकी, नळ्या शेजारी-शेजारी, दस्ता आजोबांच्या मापाचा. पंचवीस थाळ्यांत खांदा निळा होईल. तिच्यावर हात बसवता येईल, स्पर्धा जिंकता येणार नाही.

आता अम्मीचं कारण. गावात, जिल्ह्यात, कधी तर दूर कुठल्या राज्यात काही घडलं की अब्बा कुणी सांगायच्या आधी बंदूक कापडात गुंडाळून ठाण्यात जमा करून यायचे. निवडणुकीत सगळेच करायचे. अब्बा एरवीही करायचे. पावती देव्हाऱ्यातल्या वस्तूसारखी जपायचे, जेवताना खिसा चाचपायचे. परवाना साफ, एक नोंद चुकलेली नाही, साठ-पासष्ट वर्षांत कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही. तरी आमच्या नावाच्या घरात बंदूक आहे, हे वाक्य बाहेर कसं ऐकू जातं ते अम्मीला माहीत आहे. ‘दोन लाख आले तर छत होईल,’ ती म्हणते, पण पैशांचा प्रश्न नाही हे आम्हा सगळ्यांना कळतं. तिला दारावरची थाप नको आहे.

मी दोन्ही बाजूंनी विचार केला. भाव आज आहे, उद्या आयातीचं धोरण बदललं तर एका रात्रीत उतरेल. संग्राहकाच्या दृष्टीने आमची वेब्ली सामान्य आहे, तिच्यासारख्या हजारो बनल्या. पण त्याच दुसऱ्या बंदुकीच्या दस्त्यावर आजोबांच्या गालाने पडलेला गुळगुळीत डाग नाही. आणि नुसत्या भीतीपायी विकायची, तर अब्बांनी इतकी वर्षं स्वच्छ ठेवलेल्या त्या कागदांचा अर्थ काय राहिला? मी ठेवा म्हणालो. अम्मी दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, ‘कपाटाची किल्ली तुझ्याकडे, माझ्याकडे नको.’

अर्ज भरताना कारणाच्या रकान्यावर गाडी अडली. भाऊ फोनवरून म्हणाला, स्वसंरक्षण लिही, सगळे तेच लिहितात. अब्बांनी चष्मा काढला आणि विचारलं, ‘किससे?’ फोनवर कुणी काही बोललं नाही. त्या रकान्यात आम्ही वारसा आणि निशाणबाजीचा सराव असं लिहिलं.

अर्ज गेला आहे, पडताळणी व्हायची आहे. तोवर बंदूक साताऱ्याला परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवली आहे. अब्बांनी तिच्यासोबत तेलाची बाटली आणि जुन्या लुंगीचा धुतलेला तुकडा दिला, आणि नळ्या महिन्यातून एकदा पुसायच्या असं त्याला दोनदा बजावलं.